जयपुरात चांदीची अंगठी स्वतः घडवायची असेल तर

जयपूरच्या सहलीत आता हवामहल आणि आमेरच्या जोडीला 'स्वतः चांदीची अंगठी बनवा' अशा कार्यशाळांचीही भर पडली आहे. दोन तासांच्या असतात, दिवसभराच्या असतात, दोन-तीन दिवसांच्याही असतात. चांदीकाम शिकायला महाराष्ट्राबाहेर जायलाच हवे असे नाही, हुपरी आणि खामगाव त्यासाठी नावाजलेलीच आहेत. पण चांदीचा कारागीर, रंगीत खडे घासणारा आणि खड्यांचा घाऊक बाजार हे तिन्ही पायी फिरण्याच्या अंतरात मिळतात ते जोहरी बाजार आणि गोपालजी का रास्ता या भागातच. खड्याची अंगठी करायची असेल तर जयपूर निवडायला एवढे कारण पुरे.

पैसे भरण्याआधी विचारायचे

पहिला प्रश्न: ज्योत कोणाच्या हातात असणार? अनेक ठिकाणी पाहुण्याने तार वाकवायची, कारागिराने झाळायची म्हणजे ज्योतीने सांधायची, मग पाहुण्याने थोडे घासायचे आणि फोटो काढायचा, असा प्रकार असतो. चांदीकामाचा खरा जीव झाळण्यात आहे. ते दुसऱ्याने केले तर तुम्ही तयार अंगठीला पॉलिश केले, इतकेच. 'टांका मैं खुद लगाऊँगा, आप साथ में रहिए' असे आधीच स्पष्ट सांगा. चांगला उस्ताद त्याला नाही म्हणत नाही. तो आधी भंगार तुकड्यावर दोन-तीन वेळा सराव करून घेतो.

पुढचे प्रश्न असे. सुरुवात पत्र्यापासून आहे की तयार वळ्यापासून? एका टेबलावर किती जण आणि ज्योती किती? फीमध्ये किती ग्रॅम चांदी धरली आहे आणि जास्त लागली तर कोणत्या दराने? खडा त्यांचा की आपला? झाळ, म्हणजे वितळून सांधा जोडणारा मिश्रधातू, कॅडमियमविरहित आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. कॅडमियम असलेली झाळ कमी तापमानाला वितळते आणि कामाला सोपी जाते, पण तिचा धूर फुप्फुसांना घातक असतो. खिडकी नसलेल्या माडीवरच्या खोलीत दिवसभर बसायचे असेल तर हे महत्त्वाचे आहे.

वेळेचा अंदाज: एक वळे आणि त्यावर एक गोल खडा, एवढ्या अंगठीला नवख्या हाताला पाच ते सहा तास लागतात. दोन तासांत खड्याची अंगठी होईल असे कोणी सांगत असेल तर निम्मे काम आधीच झालेले असणार. सहलीच्या शेवटच्या दिवशी कार्यशाळा ठेवू नका, कारण खडा नीट बसला नाही तर दुसऱ्या दिवशी परत जायला वेळ हवा. रविवारी जोहरी बाजारातली बरीच दुकाने बंद असतात, तेव्हा खडा आदल्या दिवशी घेऊन ठेवावा.

कपडे सुती घाला. नायलॉनची ओढणी, लोंबत्या बाह्या आणि मोकळे केस ज्योतीजवळ आणि पॉलिशच्या चाकाजवळ धोक्याचे. पायात चप्पल नको, बंद बूट हवेत. हातातल्या सोन्याच्या अंगठ्या काढून ठेवा.

खडा कोणता घ्यावा

पहिल्या अंगठीला पैलूंचा खडा घेऊ नका. पैलूच्या खड्याला कोंदणात आतून खाच लागते आणि ती अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी खडा तिरका बसतो. खालून सपाट आणि वरून घुमटासारखा, बाजारात ज्याला 'कॅब' म्हणतात तो घ्यावा. गोल, ८ मि.मी. व्यासाचा आणि सुमारे ४ मि.मी. उंचीचा. अंडाकृती चालेल. चौकोनी किंवा टोकदार मात्र नको, कारण कोपऱ्यावर पातळ भिंत दुमडताना सुरकुती पडते आणि खड्याचा कोपराही तिथेच उडतो.

कठीणपणा मोह्सच्या मापात पाहतात: १ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण. अकीक, कार्नेलियन, अ‍ॅमेथिस्ट, रोझ क्वार्ट्झ हे ७ च्या आसपासचे असल्याने नवख्याला सर्वांत सुरक्षित. गार्नेटही साधारण त्याच पातळीवरचा. चंद्रमणी आणि लॅब्रॅडोराइट ६ ते ६.५, दिसायला सुंदर, पण दोन्ही ठराविक दिशांनी चिरतात, म्हणून एका जागी जोर देऊन चालत नाही. फिरोजा, लाजवर्द, मॅलाकाइट मऊ आहेत, कानशीचे एक टोक लागले की ओरखडा पडलाच. पन्ना ७.५ ते ८ असला तरी आत भेगा असतात, त्यांत तेल भरलेले असते, आणि जयपुरात तो कितीही मोहात पाडत असला तरी शिकण्याच्या कामाचा नाही.

खडा घेताना बूड काचेवर ठेवून पाहा. डुगडुगत असेल तर तो बसवताना फुटण्याची शक्यता मोठी. कडा चारी बाजूंनी सारख्या जाडीची हवी. आणि एकाच मापाचे दोन खडे घ्या.

राशीचा खडा असेल आणि तो बोटाला टेकायला हवा असेल तर हे काम सुरू होण्यापूर्वी सांगावे लागते. कोंदणाच्या तळाला आधीच ५ मि.मी.चे भोक पाडून घेतात. खडा बसल्यावर ते पाडता येत नाही. राशीचा खडा नसला तरी असे भोक पाडून घ्यावे, कारण पुढे कधी खडा काढायचा झाला तर तो मागून ढकलता येतो.

माप आणि चांदी

बोटाचे माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोट बारीक असते. भारतीय नंबरात ४० मिळवले की आतला घेर मिलिमीटरमध्ये साधारण कळतो: १४ नंबर म्हणजे सुमारे ५४ मि.मी. पण पट्टी ५४ ची कापली तर अंगठी जवळपास पाच नंबरांनी लहान होते, आणि नवख्यांची सर्वाधिक होणारी चूक हीच. पत्रा वाकला की आतली बाजू आखडते, बाहेरची ताणते, म्हणून घेरात जाडीच्या ३.१४ पट मिळवायची. दीड मिलिमीटर जाडीला ५४ + ४.७ = ५८.७. कानशीने टोके सरळ करण्यासाठी थोडे धरून ५९ कापा. पट्टी ६ मि.मी.पेक्षा रुंद असेल तर अर्धा मिलिमीटर आणखी, कारण रुंद अंगठी बोटाला घट्ट लागते.

चांदी ९२५ ची घ्यायची, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेले बहुतेक तांबे. शुद्ध चांदी वळ्याला फार मऊ. कोंदणाच्या भिंतीला मात्र ९९९ चीच पट्टी हवी, ०.३ मि.मी. जाडीची. ती मऊ असल्याने खड्यावर अलगद दुमडते, आणि तिचा वितळणबिंदू ९६१ अंश असल्याने ९२५ पेक्षा ज्योतीत थोडी जास्त टिकते.

एका अंगठीला लागणारे साहित्य: ४ मि.मी. रुंद, १.५ मि.मी. जाड, ५९ मि.मी. लांब पट्टी (सुमारे ३.६ ग्रॅम), तळासाठी १० मि.मी. चौरस आणि ०.८ मि.मी. जाड पत्रा (०.८ ग्रॅम), भिंतीसाठी ३ मि.मी. उंच आणि २६ मि.मी. लांब पट्टी (पाव ग्रॅम). एकूण पाच ग्रॅमच्या आत. कापून, घासून पूर्ण झालेली अंगठी सव्वाचार ग्रॅमच्या आसपास भरते. कोणी दहा ग्रॅमचा हिशेब लावला तर उरलेली चांदी परत मागा. टेबलाखालच्या चामड्याच्या झोळीत पडलेला कीस मात्र कारागिराचा, तो मागायची रीत नाही.

घडवणे

आधी कापणे. करवतीचे पाते २/० किंवा ३/० नंबरचे, दात मुठीकडे म्हणजे खाली झुकलेले. पाते ताणून बसवल्यावर बोटाने छेडले की 'टण' असा बारीक आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर पाते सैल आहे, ते वाकडे जाईल आणि तुटेल. पात्याला मेण लावा. करवत उभी धरा, खाली येताना कापते, वर जाताना नुसती सरकते. जोर द्यायचाच नाही. पहिल्या तासात तीन-चार पाती तुटतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मग पट्टी तापवून मऊ करणे. चांदी ठोकली-वाकवली की कडक होते आणि तशीच वाकवत राहिले तर चिरते. पट्टी विटेवर ठेवून मोठ्या मऊ ज्योतीने सगळीकडे सारखी तापवा. खोलीत अंधार असेल तर फिकट गुलाबीसर लाल रंग दिसतो, तेवढ्यावर थांबा. लख्ख लाल दिसेपर्यंत थांबलात तर पृष्ठभाग वितळू लागला आहे. उजेडात रंग कळत नसेल तर परमनंट मार्करने एक रेघ ओढा, रेघ उडून गेली की पट्टी पुरेशी तापली. लाली गेल्यावर पाण्यात बुडवा.

निमुळत्या लोखंडी दांड्यावर लाकडी किंवा चामड्याच्या हातोडीने वळवून दोन्ही टोके भिडवा. या टप्प्यावर वळे गोल दिसले नाही तरी चालते, नंतर गोल करता येते. सांधा मात्र अचूक हवा. वळे दिव्यासमोर धरून सांध्यातून पाहा. उजेडाची रेघ दिसली तर करवत सांध्यातून एकदा फिरवा आणि पुन्हा भिडवा. झाळ फट भरत नाही. ती भिडलेल्या दोन कडांमधून पाण्यासारखी सरकते, आणि फट असली की दोन्ही कडांवर गोळा होऊन बसते.

आता झाळणे. टाकणखार (बोरॅक्स) सहाणेवर पाणी घालून उगाळा, पातळ ताकाइतका. ब्रशने सांध्याला आतून-बाहेरून लावा. झाळेचे तुकडे एक मिलिमीटरचे, एका सांध्याला दोन पुरतात. आधी ज्योत दुरून फिरवून टाकणखार वाळू द्या. तो फुगतो, तुकडे उडवतो, ते चिमट्याने परत जागेवर ठेवावे लागतात. टाकणखार काचेसारखा पारदर्शक झाला की चांदी झाळेच्या तापमानाजवळ आली. मग ज्योत जवळ आणा, पण ती झाळेवर नको, सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या चांदीवर हवी. झाळ नेहमी जास्त तापलेल्या बाजूला धावते. अचानक एक चकचकीत रेघ सांध्यातून पळताना दिसते. त्या क्षणी ज्योत उचला. आणखी दोन सेकंद थांबलात तर वळ्याच्या कडा गोलावतात.

झाळ गोळी होऊन बसली आणि वाहत नसेल तर कारण बहुधा चारांपैकी एक असते: चांदी तेलकट आहे, टाकणखार कमी आहे, फट आहे, किंवा ज्योत झाळेवरच धरली होती. तापवत राहून उपयोग नाही. थांबा, धुवा, पुन्हा टाकणखार लावा.

झाळलेली चांदी काळी-तपकिरी दिसते. ती कोमट आम्लाच्या पाण्यात टाकून पांढरी करतात. कुठे सौम्य गंधकाम्ल असते, कुठे तुरटीचे पाणी. लोखंडी चिमटा त्यात घालू नका, लोखंड गेले की पाण्यातले तांबे चांदीवर चढते आणि अंगठी गुलाबी होते. तांब्याचा किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून साध्या पाण्याने धुवा. आम्लात पाणी ओतायचे नसते, पाण्यात आम्ल ओततात. ते काम उस्तादाकडेच राहू द्या.

कोंदणाची भिंत खड्याभोवती गुंडाळून मापा. ८ मि.मी. खड्याला हिशेब (८ + ०.३) × ३.१४, म्हणजे २६ मि.मी. खडा आत अलगद उतरला पाहिजे: अडकत असेल तर भिंत लहान, खुळखुळत असेल तर मोठी. मोठी झाली तर कापून पुन्हा झाळा. लहान झाली तर दांड्यावर हलके ठोकून ताणता येते, एखाद्या केसाइतकीच. भिंतीचा सांधा हार्ड, म्हणजे सर्वांत जास्त तापमानाला वितळणाऱ्या, झाळेने करा, मग तिचा खालचा काठ सँडपेपरवर घासून सपाट करून तळाच्या पत्र्यावर ठेवा. ही जोडणी मीडियम झाळेने. झाळेचे तुकडे बाहेरच्या बाजूने टेकवा, आत ठेवलेत तर उरलेला गोळा खड्याच्या बुडाखाली येतो. आणि इथे ज्योत भिंतीवर कधीच नको. ०.३ मि.मी.ची भिंत डोळ्यांदेखत सुरकुतून वितळते. तळाचा पत्रा जाळीवर ठेवून खालून तापवणे उत्तम.

तळाचा जास्तीचा पत्रा करवतीने कापून कानशीने कड एकसारखी करा. वळे दांड्यावर ठोकून गोल करा. दांडा निमुळता असल्याने एकाच बाजूने ठोकले तर अंगठी एका कडेला रुंद होते, म्हणून मधूनमधून उलटी घाला. मग वळ्याचा सांधा आहे तिथेच कानशीने ४-५ मि.मी.ची सपाट जागा करा आणि कोंदण त्यावर ठेवा. सांधा झाकला जातो. ही शेवटची जोडणी इझी झाळेने. हार्ड, मीडियम, इझी हा क्रम वितळण्याच्या तापमानाचा आहे, उतरत्या क्रमाने वापरले की आधीचे सांधे सुटत नाहीत. शेवटच्या जोडणीत वळे जाड असल्याने त्याला जास्त उष्णता द्या, कोंदणाला कमी.

खडा अजून बाहेरच आहे हे लक्षात ठेवा. ज्योतीपाशी खडा आणला तर तो तडकतो, अ‍ॅमेथिस्टचा रंग उडतो.

खडा बसवण्याआधी चांदी पूर्ण घासून घ्या: कानस, मग ४००, ६००, ८००, १२०० नंबरचे पेपर. प्रत्येक पेपर आधीच्याला आडवा फिरवायचा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळते. नंबर गाळलात तर पॉलिशनंतर खोल रेघा चमकून उठतात आणि मागे यावे लागते.

बसवताना आधी कोंदणात एक दोरा आडवा ठेवा, त्यावर खडा ठेवून पाहा, मग दोरा ओढून खडा बाहेर काढा. दोऱ्याविना घातलेला घट्ट खडा काढायला फार त्रास होतो. भिंत खड्याचा उतार सुरू होतो त्याच्या वर साधारण एक मिलिमीटर हवी. जास्त असेल तर सुरकुत्या पडतात, खडाही झाकला जातो. कमी असेल तर खडा निसटतो. उंची पेपरवर घासून कमी करा. खडा शेवटचा बसवला की ढकलणीने (भिंत दाबायच्या बोथट हत्याराने) भिंत आत दाबा, पण घड्याळाच्या क्रमाने नव्हे: १२ वर, मग ६ वर, मग ३, मग ९, आणि त्यांच्या मधल्या जागा. एकाच बाजूने दाबत गेलात तर खडा सरकतो आणि समोरच्या बाजूला भिंतीची घडी पडते. शेवटी गुळगुळीत पोलादी सळईने कड घासून चकचकीत करा. चंद्रमण्यावर सळई निसटली तर चीर पडू शकते, तेव्हा अंगठा टेकवून धरा.

बफच्या चाकावर शेवटचे पॉलिश कारागिराला करू द्यावे. चाक अंगठी हातातून खेचून भिंतीवर आपटू शकते. हे काम तोच करतो म्हणून कमीपणा नाही.

खडा घासण्याचे सत्र

काही ठिकाणी खडे घासणाऱ्या बेगड्याकडे दीड-दोन तासांचे सत्र मिळते. अकीक किंवा रोझ क्वार्ट्झचा काप घ्या, १० बाय १४ मि.मी. अंडाकृती आखा. काडीच्या टोकावर तापवलेली लाख लावून त्यावर दगड चिकटवतात. आधी कड गोल, मग ४५ अंशांचा उतार, मग उतारावरचा काठ मोडत घुमट. काडी सतत फिरवत राहा, एका जागी थांबलात की सपाट डाग पडतो आणि तो पॉलिशमध्ये आरशासारखा ठळक दिसतो. दगड तापला तर लाख मऊ होऊन तो निसटतो. शेवटी सेरियम ऑक्साइड लावलेल्या चाकावर चमक येते.

चाकावर पाणी पडत असलेच पाहिजे. कोरडे घासले तर सिलिकाची धूळ उडते. खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार याच धुळीने होत आला आहे. कोरडे घासणारी जागा असेल तर तिथे बसू नका.

पैसे, खरेदी, परतीचा प्रवास

चांदीचा भाव किलोला सांगतात. गणिताच्या सोयीसाठी लाख रुपये धरला तर ग्रॅम १०० रुपयांचा आणि ९२५ चा ग्रॅम ९२.५० चा. पाच ग्रॅमचे साडेचारशेच्या आसपास. बाकी फी म्हणजे शिकवणी, ज्योत, हत्यारे आणि जागा. ती योग्य आहे की नाही हे त्या दिवसाच्या भावाने हा हिशेब करूनच ठरवा.

अंगठीवर '९२५' चा ठसा मारून मिळेल, पण तो हॉलमार्क नव्हे. भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्क चांदीला अजून ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यात एचयूआयडी क्रमांकाची, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाची, पद्धत आली.

खडे कॅरेटमध्येच विचारा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, सगळीकडे सारखा. रत्ती कच्ची-पक्की असते आणि दुकानागणिक बदलते. काळा ऑनिक्स बहुतेक रंगवलेलाच असतो, स्वस्त फिरोजा बऱ्याचदा रंगवलेला हाउलाइट नावाचा पांढरा दगड असतो, स्वस्त माणिकात काच भरलेली असते. स्वस्तात मिळाले म्हणून घ्यायला हरकत नाही, किंमत त्या वस्तूची द्यावी. रिक्षावाला 'माझ्या ओळखीची फॅक्टरी' म्हणाला की दलाली किमतीत आलीच. 'हे खडे तुमच्या गावी नेऊन द्या, तिथे दुप्पट भाव मिळेल' हा जयपुरातला जुना फसवणुकीचा धंदा आहे. अशा माणसाबरोबर चहासुद्धा घेऊ नये.

अंगठी विमानात हातात घालून नेता येते. विकत घेतलेल्या कानशी, पकडी, करवतीची पाती चेक-इन सामानात टाका. गॅसची ज्योत आणि आम्ल कुठल्याच सामानात चालत नाही.

घरी अंगठी हवाबंद पिशवीत ठेवा. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, आणि ती साध्या मऊ कापडाने पुसली तरी उजळते. चंद्रमणी किंवा फिरोजा असेल तर सोनाराच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात देऊ नका. माप बदलायचे झाले तर सोनाराला आधी खडा काढायला सांगा. तो 'तसेच झाळतो, काही होत नाही' म्हणाला तर अंगठी परत घ्या आणि दुसरा सोनार शोधा.